पाहुणे परत येणारेत, पण यावेळी माझं कपाट उघडायचं नाही हे कसं सांगू?

शेवटची_पायरी

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. लांबेल जरा, सांभाळून घ्या.

माझी मोठी नणंद गेल्या खेपेला दहा दिवस आमच्याकडे राहून गेली. स्वभावाने वाईट अजिबात नाही हे आधीच सांगते, कामाला वाघ आहे, आल्या दिवसापासून घर स्वतःचं असल्यासारखं सांभाळलं तिने. मी आणि नवरा दोघं ऑफिसला, ती दिवसभर एकटी. चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर बेडरूममधलं माझं कपाट लावून ठेवलेलं, सगळ्या कपड्यांच्या घड्या एकसारख्या. मी थँक्यू म्हटलं आणि अगदी मनापासून म्हटलं, कारण ते कपाट मी दोन महिने उद्या लावू परवा लावू करत होते. मग रात्री गोळी घ्यायला खालचा ड्रॉवर उघडला. मी गोळ्यांची स्ट्रिप चष्म्याच्या जुन्या केसमध्ये ठेवते, नाव छापलेली बाजू खाली करून. ती वर होती. आणि सोबतची डॉक्टरांची चिठ्ठी, जी मी चार घड्या घालून ठेवते, ती दोनच घड्यांची झालेली. त्या कागदाकडे मी किती वेळ बघत बसले होते मला आठवत नाही, नवरा दोनदा हाक मारून गेला म्हणे.

गोळ्या डिप्रेशनच्या आहेत. सात महिने झाले चालू आहेत, फरक आहे, नवऱ्याला माहितीये. बाकी कोणाला सांगितलं नव्हतं, लाज म्हणून नाही, तर मला ज्यांना सांगायचं त्यांना माझ्या वेळेला माझ्या शब्दांत सांगायचं होतं म्हणून.

ती गेल्यावर आठवड्याभरात सासूबाईंचा फोन, "कसल्या गोळ्या घेतेस म्हणे, बंद कर त्या, सवय लागते." मग मावससासूबाई. मग चुलत जाऊ, "काही टेन्शन आहे का गं, आम्हाला परकं समजू नकोस." सगळ्या प्रेमानेच बोलल्या हो, एकीनेही टोमणा मारला नाही, आणि त्यामुळे मला रागावता पण येईना. रागवायला समोर कोणीतरी वाईट लागतं ना.

आता पुढच्या महिन्यात ती परत येतेय, बारा दिवस, यावेळी तिचा पाच वर्षांचा मुलगा पण आहे. नवरा म्हणतो आपलीच माणसं आहेत, काळजीपोटी झालं, विषय वाढवू नको. मला तिने यायला हवंच आहे, खोटं नाही सांगत. पण कपाटाला कुलूप लावलं तर तिचा अपमान आणि नाही लावलं तर मी ऑफिसमध्ये बसून दिवसभर त्या ड्रॉवरचाच विचार करणार. कोणाला असं तोंडावर सांगावं लागलंय का? काय शब्द वापरलेत? आणि मी जास्तच मनाला लावून घेतेय का, तेही सांगा.

निळी_दौत

शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही, जास्त लावून घेत नाहीयेस. कपाट लावणं ही मदत झाली, चिठ्ठीच्या घड्या उलगडून वाचणं ही मदत नाही, आणि वाचलेलं चार घरी सांगणं ही तर तिसरीच गोष्ट. या तीन वेगळ्या ठेव डोक्यात, नाहीतर बोलायला बसशील आणि ती म्हणेल "मी एवढं कपाट लावून दिलं तरी तू..." आणि तू तिथेच गप्प होशील.

आता शब्द. माझ्याकडे दीर-जाऊ वर्षातून दोनदा राहायला असतात, आणि मला जे जमलं ते सांगते. पाहुणे दारात आल्यावर सांगायचं नाही, सामान हातात असतं, प्रवासाचा शीण असतो, तेव्हा काहीही सांगितलं तरी ते लागतं. आधी फोनवर सांगायचं, येण्याचं ठरवायला जो फोन होतो त्यातच. आणि तुझ्या केसमध्ये बोलणं नवऱ्याने सुरू करायला हवं, बहीण त्याची आहे. तू बोललीस तर ते नणंद-भावजयीचं भांडण होईल, तो बोलला तर भावाने बहिणीला सांगितलेली गोष्ट राहील. "ताई, गेल्या वेळी हिच्या औषधांचं घरात सगळीकडे झालं, तिला फार त्रास झाला. यावेळी आमच्या खोलीतलं काही उघडू नकोस, काही लागलं तर मला विचार." झालं, एवढंच. कारणं देत बसायचं नाही, कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो.

दुसरं, आणि हे आमच्याकडून राहून जातं नेहमी, पाहुण्याला त्याची जागा द्यायची. त्या बाईला दहा दिवसांत बॅग ठेवायला कुठे होतं? कपडे टांगायला? नसेल तर ती एक दार उघडणार, मग दुसरं. मी एक अख्खा कप्पा रिकामा करते, त्यात टॉवेल, चादर, मोबाईलचा चार्जर, कात्री, सुईदोरा, बाम, अंगदुखीची साधी गोळी, टॉर्च, सगळं ठेवते आणि आल्या आल्या हात धरून दाखवते की हे तुमचं. माणूस दुसऱ्याचा ड्रॉवर उघडतो तो बऱ्याचदा कात्री शोधायला. तिथे चिठ्ठी दिसते आणि मग मोह होतो.

कुलूप लाव. न सांगता लावलंस तर अपमान वाटेल, आधी सांगून लावलंस तर नाही वाटणार.

उंबरठा

मला थोडं वेगळं वाटतंय, रागावू नका. आम्ही दोन खोल्यांत नऊ माणसं वाढलो. कोणाचा ड्रॉवर, कोणाचं कपाट, असं काही नव्हतंच. बहिणीची मार्कशीट शेजारच्या काकूंनी आमच्या आधी वाचली होती. आजीचं दुखणं घरातल्या सगळ्यांना ठाऊक, म्हणून तर रात्री तिला उठवून औषध द्यायला कोणी ना कोणी जागं असायचं. आता माझ्या मुलाच्या घरी गेलो तर त्याच्या खोलीचं दार बंद असतं आणि खरं सांगतो, त्या दारासमोरून जाताना मला आपण परके झालो असं वाटतं. तुमच्या नणंदबाई माझ्याच पिढीच्या नसतील, पण त्या अशाच घरात वाढल्या असणार. त्यांना हे गुपित होतं हेच कळलं नसेल. म्हणून म्हणतो, सांगा जरूर, पण त्यांनी चोरी केली अशा सुरात नको.

शेवटची_पायरी

@उंबरठा काका, तुमचं वाचून थांबले जरा. चोरी म्हणत नाहीये मी. पण एक विचारू? आजीचं दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं म्हणालात, त्यात आजीला विचारलं होतं का कोणी? मी मुद्दाम टोचून विचारत नाहीये, मला खरंच माहीत करून घ्यायचंय, कारण माझ्या आईचंही असंच झालं होतं, तिच्या ऑपरेशनची चर्चा तिच्यासमोर दहा जण करायचे आणि ती भिंतीकडे तोंड करून पडायची. मला तेव्हा वाटायचं ती झोपलीये.

उंबरठा

नाही विचारलं कोणी. तुम्ही म्हणताय ते खरं आहे. आजी पण कूस बदलायची.

रात्रपाळी

मी औषधांच्या काउंटरवर बारा वर्षं काम करतेय त्यामुळे नात्यांचं बाजूला ठेवून आधी गोळ्यांचं बोलते, कारण सासूबाईंचं ते "बंद कर" वाचून काळजी वाटली. कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, आणि "बघू दोन दिवस न घेऊन" असं तर अजिबात नको. डिप्रेशनच्या गोळ्या अचानक थांबवल्या की चक्कर, मळमळ, चिडचिड, झोप उडणं, काहींना डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं, हे सगळं होऊ शकतं. मग घरचे म्हणतात बघ सवय लागली होती. व्यसनात जशी तलफ येते आणि डोस वाढवावासा वाटतो तसलं हे नाही, शरीराला त्या औषधाची घडी बसलेली असते आणि ती हळूहळू मोडावी लागते, डॉक्टर काही आठवडे, कधी काही महिने घेऊन डोस कमी करत नेतात. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवायला सांगतात ते यासाठीच, की दुखणं उलटू नये. आपल्याला बरं वाटतंय ते गोळीमुळे हे बरं वाटल्यावरच विसरायला होतं. सासूबाईंना एवढंच सांगा की डॉक्टर बंद करतील तेव्हा बंद होईल.

आणि कुलपाचं म्हणाल तर या खेपेला तुमच्याकडे पाच वर्षांचं मूल येतंय. स्ट्रिपमधली गोळी त्या वयाचं मूल सहज दाबून काढतं, आणि रंगीत असली तर तोंडातही घालतं. घरात लहान मूल असलं की सगळी औषधं उंचावर आणि कुलपात, हे आम्ही प्रत्येक आईवडिलांना सांगतो. चष्म्याच्या केसमध्ये खालच्या ड्रॉवरला म्हणजे बरोब्बर त्याच्या हाताच्या उंचीला आहेत तुमच्या गोळ्या. तेव्हा कुलूप लावाच. आणि येणाऱ्यांनी पण लक्षात ठेवा, पाहुणे म्हणून जाता तेव्हा तुमच्या पर्समध्ये बीपीच्या, शुगरच्या गोळ्या असतात आणि पर्स पलंगावर पडलेली असते. यजमानाच्या घरातलं मूल ती उघडतं.

परतीची_गाडी

हे वाचून मला लिहिणं भाग आहे, कारण मी तुमच्या नणंदेच्या जागी होते.

माझ्या मामेबहिणीकडे राहिले होते पंधरा दिवस. तिच्या टेबलवर वही होती, मी उघडली. काही कारण नव्हतं. वाचलं की त्या दोघांचं पटत नाहीये, ती वेगळं व्हायचा विचार करतेय. मी कोणाला सांगितलं नाही, पण मी तिच्याशी वेगळं वागायला लागले, जास्त गोड, तिच्या नवऱ्याशी तुटक. तिला दोन दिवसांत कळलं. तिने मला काही विचारलं नाही, मी निघाले तेव्हा जिन्यापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "तू वाचलंस ना." मी हो म्हटलं. त्यानंतर आमचं बोलणं सुरळीत व्हायला तीन वर्षं गेली आणि अजूनही ती मला घरी राहायला बोलावत नाही, बाहेर भेटते. सांगायचं म्हणजे तुम्ही बोललात तर बरं होईल. माझी बहीण पहिल्या दिवशी ओरडली असती तर मी माफी मागितली असती, ती गप्प राहिली आणि मी पण गप्प राहिले आणि त्यात तीन वर्षं गेली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

एक बाजू मात्र पाहुण्यांची पण मांडते, कारण इथे सगळे यजमान दिसतायत. पाहुण्याला पण प्रायव्हसी असते. मी एका नातेवाइकांकडे हॉलमध्ये झोपायचे, तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने मोबाईलवर मला दाखवलं, "बघ मावशी, तू रात्री दोनला उठली होतीस." हॉलमध्ये कॅमेरा होता, टीव्हीच्या वर, मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिथे कपडे बदलले नव्हते हे नशीब, पण मी तिथे बसून रडले होते एक रात्र, ते कोणी बघितलं का हे मी आजपर्यंत विचारू शकले नाहीये. भाड्याने घर देणाऱ्या एअरबीएनबीने सुद्धा ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतल्या कॅमेऱ्यांवर जगभर बंदी घातली, आधी हॉलसारख्या जागी सांगून लावायची मुभा होती तीही काढून टाकली. पैसे देऊन राहणाऱ्या अनोळखी माणसाला जे मिळतं ते घरच्या माणसाला मिळायला काय हरकत आहे? कॅमेरा असेल तर सांगा, किंवा पाहुणे आहेत तोवर प्लग काढून ठेवा. आणि पाहुण्यांच्या खोलीत शिरताना टकटक करा, खोली तुमची असली तरी. बॅग आवरायला म्हणून उघडू नका. "रात्री कोणाशी बोलत होतीस एवढा वेळ" हे विचारू नका.

वायर_सुटली

मोबाईल-वायफायचं कोणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. बहुतेक राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं, ते चालू करून त्याचा पासवर्ड पाहुण्यांना द्या, म्हणजे त्यांना नेट मिळतं पण तुमच्या लॅपटॉपवरचे शेअर केलेले फोल्डर वगैरे दिसत नाहीत. भाच्याला फोन हवा असणारच, तर बऱ्याच अँड्रॉइड फोनला गेस्ट म्हणून वेगळं प्रोफाइल असतं, त्यात तुमचे मेसेज फोटो काही नसतं. आयफोनला गाइडेड ॲक्सेस आहे, एकच ॲप उघडं राहतं आणि पासकोडशिवाय बाहेर पडता येत नाही. नोटिफिकेशन स्क्रीनवर मजकूर दाखवतायत का तेही बघा, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटचा मेसेज टेबलवर पडलेल्या फोनवर सगळ्यांसमोर उजळतो.

आणि पाहुण्यांनी दुसऱ्याच्या घरातले फोटो ग्रुपवर टाकण्याआधी विचारा. मागे काय काय दिसत असतं, औषधं, पत्ता लिहिलेली पाकिटं, वाळत घातलेले कपडे. आणि मुलांचे फोटो तर त्यांच्या आईबापाला विचारल्याशिवाय नाहीच.

जुनी_वही

मी निवृत्त शिक्षक, वय झालंय, पण माझ्या घरी माणसांचा राबता अजून आहे आणि मला तो आवडतो. म्हणून लिहितो.

या विषयावर कोणी बोललं की लगेच "अतिथिदेवो भव" तोंडावर फेकतात. हे वाक्य तैत्तिरीय उपनिषदातलं, शिक्षावल्लीतलं. अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात त्यातलं. खरं बोल, धर्माने वाग, आईला देव मान, वडिलांना, आचार्यांना, अतिथीला. म्हणजे हे घर मांडणाऱ्याला सांगितलंय. पाहुण्याने स्वतःकडे बोट दाखवून म्हणायचं ते वाक्य नव्हे. अतिथी शब्दाचा अर्थच परंपरेने असा सांगतात की ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. बारा दिवस ठरवून, मुलाला घेऊन येणारी बहीण ही त्या अर्थाने अतिथी नाहीच, ती घरची आहे, आणि घरच्याला घराचे नियम सांगता येतात, सांगावेत.

आपल्याकडची म्हण तर स्पष्टच आहे, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. इस्लाममध्येही हदीसमध्ये पाहुणचार तीन दिवसांचा सांगितलाय, पुढचं ते दान, आणि यजमान अडचणीत येईल इतकं राहू नये असंही आहे. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते कुराणातलं, चोविसाव्या सूरेत, की दुसऱ्याच्या घरात परवानगी घेऊन आणि सलाम करूनच शिरा, आणि परत जा म्हटलं तर परत जा, तेच तुमच्यासाठी चांगलं. परत पाठवलं तर राग मानू नका, इतकं खोलवर जाऊन सांगितलंय! संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ ला मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, त्याचं १२ वं कलम खाजगी आयुष्य, कुटुंब, घर आणि पत्रव्यवहार यांत मनमानी ढवळाढवळ होऊ नये असं सांगतं. घर आणि पत्र एकाच ओळीत आहेत, बघा. तुमची ती चार घड्यांची चिठ्ठी म्हणजे पत्रच की.

बाई, तुम्ही काही नवीन मागत नाही आहात. उंबरठ्याला दार का असतं आणि त्या दाराला कडी आतून का असते, हे लोकांना फार आधीपासून कळत होतं. @उंबरठा, तुमच्या मुलाच्या बंद दाराचं वाचून वाईट वाटलं, माझ्याकडेही ते आहे. मी टकटक करायला लागलो. पहिल्या दिवशी अवघड गेलं, हात वर गेला आणि तसाच राहिला थोडा वेळ. आता सून "या बाबा" म्हणते, आणि ते "या" मला आधी कधी मिळत नव्हतं.

शेवटची_पायरी

सगळ्यांचे आभार, रात्रीचं सगळं वाचलं, नवऱ्यालाही वाचायला दिलं. तो परतीची_गाडी यांच्या प्रतिसादावर बराच वेळ थांबला होता, मग काही न बोलता बाल्कनीत जाऊन ताईला फोन लावला. मला वाटलं टाळेल, पण बोलला. निळी_दौत यांचीच वाक्यं जवळपास, थोडी अडखळत.

ताई आधी म्हणाली मी काही कोणाला सांगितलं नाही, मग म्हणाली फक्त आईला सांगितलं, मग रडली, मग म्हणाली तुम्हाला नको असेल तर मी येत नाही. त्याने फोन माझ्याकडे दिला. मी एवढंच म्हटलं की ताई तू ये, तू यावंस असं मला वाटतं, पण ते मला सांगायचं होतं, तू सांगायचं नव्हतं. ती बराच वेळ गप्प होती. फोन कट झाला असं वाटून मी हॅलो हॅलो केलं. मग तिने विचारलं, "बरं वाटतंय का आता तुला?" हा प्रश्न इतक्या महिन्यांत घरातल्या कोणी विचारलाच नव्हता, सगळ्यांनी बंद कर तरी सांगितलं नाहीतर काय झालं तरी विचारलं. मी हो म्हटलं. माफी वगैरे तिने मागितली नाही आणि आत्ता तरी मला त्याचं फार काही वाटत नाहीये, उद्या वाटेलही.

सासूबाईंशी बोलणं राहिलंय, ते रविवारी. रात्रपाळी यांचं डॉक्टरांचं वाक्य तेव्हा वापरणारे. गोळ्या कालच वरच्या कप्प्यात हलवल्या. बाहेरच्या खोलीतलं कपाट ताईसाठी रिकामं करायला घेतलंय, चार्जर-कात्री-टॉर्च सगळं त्यात. माझ्या कपाटाला कुलूप बसवायला नवरा आज स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला होता, पण दाराला जुनं भोक मोठं पडलंय, स्क्रू धरत नाहीये. त्यात लाकडाची काडी ठोकून मग स्क्रू घालतात असं ऐकलंय, कोणी केलंय का? टिकतं का ते?

उंबरठा

टिकतं. काडी फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोका, रात्रभर सुकू द्या, बाहेर आलेलं टोक ब्लेडने सपाट कापा आणि मग स्क्रू घाला. भोक फार मोठं असेल तर दोन-तीन काड्या एकत्र.